शून्य मिली

नारीन गावच्या शाळेत तपासणीला आलेले तोक्तोसुनसाहेब वही बघून कडाडले, "एक ग्रॅम संगमरवर ॲसिडमध्ये टाकला, तर हिशेबाने दोनशे चाळीस मिली वायू निघतो. अख्ख्या वर्गाने दोनशे पस्तीस काढला, अठ्ठ्याण्णव टक्के! आणि या कार्टीचा शून्य?"

"बुडबुडाच आला नाही, साहेब," बुरुलाय पुटपुटली.

"नापास करा हिला, बाई!"

कान्यकेईबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी बुरुलायच्या टेबलावरची ॲसिडची बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली. साहेबांच्या हातातली वही गळून पडली.

"वर्षभर तुम्ही ॲसिड पाठवलं नाहीत, म्हणून सगळ्या बाटल्यांत सकाळी मीच नळाचं पाणी भरलं," तोंड पुसत बाई म्हणाल्या. "आता बुरुलाय सोडून सगळ्यांनी बाकावर उभं राहायचं. साहेब, तुम्हीसुद्धा."