भर दुपारचा फोटो

"गुडघे आता क्लच दाबू देत नाहीत. गाडी विकू. जाहिरातीसाठी तू झकास फोटो काढ," असं बायकोला सांगून मुकुंदराव आडवे झाले.

यशोधराबाई चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. कोवळ्या उन्हात, खाली बसून, जराशी तिरकी टिपली तर गाडी नवरीसारखी खुलते, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी भर दुपारी गच्चीवरून फोटो काढला आणि दोरीवरचे लेंगेही त्यात घेतले.

पंधरा दिवसांत एकही फोन आला नाही. "आता ही दारातच गंजणार," मुकुंदराव हळहळले.

"गंजेल कशी? मी चालवीन." यशोधराबाईंनी नवंकोरं लायसन्स पुढे केलं. "तीन महिने मी भजनालाच जात होते, असं वाटलं तुम्हाला?"

मुकुंदरावांनी लायसन्स दोनदा उलटून पाहिलं आणि ते गाडीत ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.