जेवणाचा थांबा

"गाडी थांबलीच पाहिजे," अजिनाथ म्हणाले. त्यांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. रक्त एका नळीतून मशीनकडे जात होतं, दुसरीतून परत येत होतं. तो हात हलवायचा नव्हता. उजव्या हाताने त्यांनी रजिस्टर मुलीकडे सरकवलं.

"अप्पा, ही काय एसटी आहे?" दीपमाला म्हणाली. "पाठीवर एक सॅक घेऊन चाललेय मी. भूक लागली की रस्त्यात कुठंही खाईन."

अजिनाथांची एकतीस वर्षं बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. हजारो लोकांना त्यांनी वेळेवर गावाला पाठवलं. नोकरीत घरच्यांसाठी पास मिळायचा. तो एकदाच वापरला, तुळजापूरला. बाकीचं फिरणं निवृत्तीनंतर करायचं ठरलं होतं. निवृत्तीनंतर सात महिन्यांनी किडन्या गेल्या.

दीपमाला कामाला होती ती चिकलठाण्याची कंपनी देखभालीसाठी बारा दिवस बंद राहणार होती. दीपमालाला मिळणारी सुट्टी तेवढीच. तेराव्या दिवशी सकाळी सातला हजेरी. व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड. ती एकटीच जाणार होती. मामांनी कपाळावर हात मारला, आई दोन दिवस बोलली नाही. अप्पा मात्र एकदाही नको म्हणाले नाहीत. त्यांनी तिचं वेळापत्रक मागून घेतलं आणि दीड महिना या पलंगावर पडून, फोनवर शोधत शोधत, रजिस्टरमध्ये रकाने आखले. वार, ठिकाण, सुटणार, पोचणार. एकही गाडी चुकत नव्हती. फक्त दर एक-दोन दिवसांनी मध्येच 'थांबा' लिहिलेलं होतं आणि पुढे इंग्रजी अक्षरांत पत्ता.

"असे पाच थांबे आहेत," ती म्हणाली. "चार-चार तासांचे. चार तास कोण जेवतं, अप्पा? हे वीस तास काढले तर लाओस बसतो."

शेजारच्या पलंगावरून कडुबा हसला. दौलताबादला किल्ल्याखाली त्याचा पेरूचा गाडा होता. आता तो मुलगा चालवायचा.

"आमच्या तिथं असले लई येतात, पाठीवर बोचकं घेऊन," कडुबा म्हणाला. "घाईतच असतात. पेरू घेतात, फोटो काढतात, अन् खायच्या आधीच रिक्षात बसतात."

"काका, तुमचा पेरू तसाच असेल."

"पेरूला नाव ठेवू नको, पोरी. तो खायची बंदी झाल्यापासून लई गोड लागाया लागलाय."

तिघेही हसले. मग कडुबा अजिनाथांकडे वळला. "सांग की लेकीला."

"गप रे."

"काय सांगायचं?" दीपमालाने विचारलं.

"काय नाय. त्याला बीपी हाय, बडबडतो." अजिनाथ छताकडे बघत होते. "लाओस बसतो म्हणतेस?"

"नीट बसतो."

"मग काढ थांबे."

तिने पेन्सिलने पाचही ओळी खोडल्या. विमानाच्या तिकिटाचा भाव सकाळपासून दोनदा वाढला होता. तिने तिथेच, पलंगाच्या कडेला बसून, फोनवर तिकीट काढलं. हे तिकीट रद्द होणार नव्हतं आणि बदलता येणार नव्हतं, ते तिने मोठ्याने वाचून दाखवलं.

"झालं?" अजिनाथांनी विचारलं.

"झालं."

"आण ते रजिस्टर इकडं. बदल केला की पूर्ण तक्ता दुरुस्त करावा लागतो. खाली सही लागते. आमच्या इथं तसंच व्हतं."

ती चहाला गेली. परत आली तेव्हा रजिस्टर मिटलेलं होतं आणि अजिनाथांचे डोळेही. कडुबा भिंतीकडे तोंड करून पडला होता.

दोनला मशीन वाजलं. सिस्टरने सुया काढल्या, पट्टी दाबली आणि वजन करायला अजिनाथांना धरून नेलं. आल्यापासून अठराशे ग्रॅम कमी झाले होते. "परवा दहाला या," सिस्टर म्हणाली. आठवड्यातून तीनदा ती हेच म्हणायची.

दीपमाला रजिस्टर घेऊन बाहेरच्या बाकावर बसली. तिला थोडं वाईट वाटत होतं. अप्पांनी एवढे पत्ते शोधले. एखादं हॉटेल वाटेत पडत असेल तर तिथे जेवून फोटो पाठवावा, त्यांना बरं वाटेल. तिने हनोईचा खोडलेला पत्ता फोनवर टाकला. नकाशावर हॉस्पिटल आलं. अप्पांची अक्षरं चुकली असतील. तिने बँकॉकचा टाकला. हॉस्पिटल. तिसरा टाकला. तिथल्या फोटोत अप्पांच्या पलंगाशेजारी होती तशाच मशीन ओळीने उभ्या होत्या.

तिने खोडलेल्या वेळा वाचल्या. दहा ते दोन. दहा ते दोन. दहा ते दोन.

आत अजिनाथ सिस्टरला सांगत होते, "बारा दिवस माझी बायको आणील मला रिक्षानं. लेक चाललीय फिरायला. चार देश." आवाजात कुठेही काही नव्हतं. बसस्थानकावर गाडी लागल्याचं सांगताना असायचा, तसाच तो होता.

दीपमालाने फोनवर तिकीट पुन्हा उघडलं. बदलता येणार नाही, हे तिथे तसंच लिहिलेलं होतं. मग तिने रजिस्टरचं शेवटचं पान काढलं. तळाशी आजची तारीख होती आणि अप्पांची सही. उजवीकडे एक अरुंद रकाना होता, तो तिने आतापर्यंत वाचलाच नव्हता. त्याला नाव दिलं होतं 'आसने', आणि वरपासून खालपर्यंत प्रत्येक ओळीतला दोनचा आकडा खोडून अप्पांनी लाल शाईने एक केला होता.