मधला आवाज

बाईंनी ‘कायमचे बंद करा’ या शब्दांवर बाण नेला आणि फोन वाजला.

त्या दचकल्याच. हल्ली फोन वाजायचा तो बहुतेक कुणाचा तरी चुकून लागलेला. त्यांनी हात मागे घेतला, पण फोन लगेच उचलला नाही. आधी मनाचा हिय्या करून काय ते उरकून टाकावं, असं वाटत होतं.

बंद करायचं होतं ते संग्रहालय. त्याला ना दार होतं, ना तिकीट. गावाच्या जुन्या फोटोंचं ते इंटरनेटवरचं संग्रहालय. टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झाल्यावर बाईंना रिकामं घर खायला उठायचं. लग्न केलेलं नव्हतं. भाचीने संगणक शिकवला आणि हे खूळ डोक्यात भरवून ती आपल्या संसाराला परगावी निघून गेली. बाईंनी मात्र मनावर घेतलं. ओळख ना पाळख, अशा घरांच्या कड्या वाजवल्या. लोकांनी माळ्यावरच्या पेट्या उपसल्या. पाडलेली गिरणी, वाहून गेलेला पूल, शाळेची पहिली तुकडी. प्रत्येक फोटोखाली बाईंनी डोळ्यांत तेल घालून चार ओळी लिहिल्या.

पण बघतंय कोण? ज्याने त्याने आपापले आजोबा पाहिले आणि पाठ फिरवली. एक्सचेंजचाही एक फोटो होता. स्विचबोर्डासमोर बसलेल्या मुली, सगळ्या पाठमोऱ्या. त्यांतली आपली पाठ कोणती, हे खुद्द बाईंनाही धड सांगता येईना. उभी हयात त्यांनी गावातल्या लोकांचे फोन एकमेकांना जोडून दिले होते. त्यांच्याशी बोलायचं म्हणून कुणी फोन केल्याचं आठवत नव्हतं.

फोन वाजतच राहिला. शेवटी त्यांनी उचलला.

“ते फोटोंचं तुम्हीच चालवता का?” आवाज म्हातारा होता आणि चांगलाच तापलेला. “मुलीने आत्ता मोबाइलवर दाखवलं, तिथेच तुमचा नंबर होता. पुराच्या फोटोखाली काय वाट्टेल ते लिहिलंय! म्हणे, दवाखान्यात पाणी संध्याकाळी शिरलं. अहो, भर दुपारी शिरलं! माझी बायको बाळंत झाली होती तिथे.”

मध्येच खरखर सुरू झाली. बाईंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “एक मिनिट, लाइन सोडू नका. मी आहे.”

पलीकडे एकदम सामसूम. कट झाला वाटतं, असं म्हणून बाई फोन ठेवणार, तेवढ्यात तो म्हणाला, “पुन्हा बोला.”

“काय बोलू?”

“काहीही बोला.” चीड पार ओसरली होती. “तुम्ही एक्सचेंजमध्ये होतात?”

“होते.”

“पुराच्या दिवशी?”

तो दिवस बाई विसरल्या नव्हत्या. फोनवरचा हा माणूस तेव्हा दूरच्या बंदरावर नोकरीला होता. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी त्याच्या बायकोच्या उशाशी फोन आणून ठेवला होता. लाइन इतकी खराब, की नवराबायकोला एकमेकांचं काही ऐकू येईना. दोघांचं ऐकू येत होतं ते फक्त मध्ये बसलेल्या बाईंना. मग बाईंनी तिचं वाक्य त्याला सांगितलं, त्याचं तिला. ती म्हणतेय, मुलगी झाली. ते विचारताहेत, तू कशी आहेस?

ऑपरेटरने आपल्या पदरचा एक शब्दही घालायचा नाही, असा तिथला दंडक होता. बाईंनी तो जन्मभर पाळला. फक्त त्या दिवशी मोडला. कुणाला त्याचा पत्ता लागला नसावा, असंच त्या धरून चालल्या होत्या.

“तुम्ही मला सांगितलंत, ती म्हणतेय, घाबरू नका, आम्ही दोघी सुखरूप आहोत,” तो म्हणाला. “त्या भरवशावर मी ती रात्र काढली. पुढे आम्ही भेटलो, बोललो, तेव्हा कळलं. ती तसं काही म्हणालीच नव्हती. पाणी जिन्यावर चढतंय, मला भीती वाटतेय, एवढंच ती रडत सांगत होती.”

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

“आणि मी इकडे हमसून हमसून रडत होतो. तर तिला तुम्ही सांगितलंत, ते हसताहेत. मुलगी कुणासारखी दिसते, विचारताहेत.”

“हो,” बाई कशाबशा म्हणाल्या. “सांगितलं खरं तसं.”

“आम्ही एक्सचेंजमध्ये आलो होतो विचारायला. लेकीला कडेवर घेऊन. साहेबांनी वाटेला लावलं. ऑपरेटरचं नाव सांगत नसतात म्हणे.” मग त्याने विचारलं, “नाव काय हो तुमचं?”

बाईंनी सांगितलं. किती दिवसांनी ते नाव त्यांच्या स्वतःच्या कानावर पडत होतं.

फोनवर हात ठेवायचंही त्याला सुचलं नाही. तो तसाच घरातल्या बायकोला ओरडून म्हणाला, “अगं, सापडल्या! लवकर इकडे ये, या वेळी तुझं तूच बोल.”