पट्टीखालचं नाव

"पाचच्या आत लेखी द्या. सहाला संध्याकाळची पाळी सुरू होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या बसल्याही नाहीत. "अकरा जण आहेत. अकराही जणांना मशीनवर घेतील."

साडेतीन वाजले होते. आरोग्य खात्याच्या कायदा सल्लागाराने फाइल पुढे ओढली. एका डायालिसिस केंद्राच्या पाण्यात जंतू सापडले होते. ही डॉक्टरबाईंनी केलेली पहिली तपासणी. खात्रीसाठी दुसरी करायची आणि तिचा अहवाल यायला चार दिवस लागायचे. केंद्र आजच बंद करायचं की चार दिवस थांबायचं, एवढंच त्याला सांगायचं होतं. केंद्राचं नाव होतं तिथे कागदाची पांढरी पट्टी चिकटवलेली होती.

ही पट्टी त्यानेच सुरू केली होती. पूर्वी फाइल टेबलावर यायच्या आधी कुणाच्या तरी मेव्हण्याचा फोन यायचा. नाव कळलं की माणूस वाकतो, असं त्याचं म्हणणं. तेव्हापासून त्याच्याकडे येणाऱ्या प्रत्येक फाइलीतल्या नावावर हेडक्लार्क पट्टी लावायचा. इतकी घट्ट, की सगळी कचेरी त्याला डिंकराव म्हणायची.

"बंद केलं तर हे लोक जातील कुठे?" त्याने विचारलं.

"दोन केंद्रं जादा पाळी लावायला तयार आहेत. सकाळपासून त्यांच्या हातापाया पडतेय. पण आदेश हातात पडल्याशिवाय ते एकालाही घेणार नाहीत. आणि तुमच्या अभिप्रायाशिवाय संचालक आदेश काढणार नाहीत." बाईंचा आवाज चिरकला. "काल दोघांना मशीनवरच हुडहुडी भरली. अजून काय व्हायला हवंय?"

त्याने संचालकांना फोन लावला.

"अहो, गेल्या वर्षी अशाच प्रकरणात तुम्हीच थांबा म्हणून लिहिलंत," संचालक म्हणाले. "उद्या केंद्रवाले कोर्टात गेले की कोर्ट पहिली तीच फाइल मागवेल. तेव्हा एक आणि आता दुसरं, असं कसं चालेल? तेव्हापासून काय बदललं, ते कारणाच्या रकान्यात लिहा. कारण खरं असेल तर मी लगेच सही करतो. नाहीतर अहवालाची वाट बघू."

फोन ठेवला गेला.

"तेव्हा थांबलो आणि तिथले तीन जण गेले," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"पाण्यानेच गेले, हे सिद्ध झालं नाही."

"नाही झालं. तेही तुम्हीच लिहून दिलंत."

त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. त्याने कपाटातली पुस्तकं काढली. कायदा तोच होता. नियम तेच होते, कलमंही तीच. एका ओळीचाही फरक नव्हता. त्याने पुन्हा पहिल्यापासून पानं उलटली. सव्वाचार झाले.

डिंकराव गेल्या वर्षीची फाइल आणि चहा घेऊन आला. सकाळचा कप टेबलावर तसाच होता, वर साय धरलेली.

"वहिनी गेल्यापासून तुम्ही एक कप धड संपवला नाहीत, साहेब."

त्याने कप बाजूला सारला. बायको आजारी असतानाही तो कचेरीत त्याबद्दल कधी बोलला नव्हता. घरचं घरी, कचेरीचं कचेरीत. वर्षानुवर्षं तिचं दुखणं चाललेलं. शेवटी एका शुक्रवारी ताप चढला, इस्पितळात नेलं आणि तिथेच गेली. भेटायला आलेले म्हणाले, सुटली बिचारी. तोही मान हलवत राहिला.

त्याने जुनी फाइल उघडली. अभिप्राय त्याच्याच अक्षरात होता. पाच ओळी, एकही खाडाखोड नाही. 'दुसरा अहवाल येईपर्यंत घाई करू नये.' खाली सही, तारीख, वार. मंगळवार. शनिवारी अहवाल आला होता आणि केंद्र बंद झालं होतं.

तारखेवरून त्याची नजर हलेना. तो मंगळवार त्याला आठवत होता. हा अभिप्राय लिहून, फाइल बांधून तो चारलाच निघाला होता. घरचं काम होतं.

"पाणी आण," तो म्हणाला.

डिंकरावाने पेला पुढे केला. त्याने पाण्यात बोट बुडवलं आणि जुन्या फाइलीतल्या पट्टीवर फिरवलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा फिरवलं.

"साहेब, पट्टी काढायची नाही असा तुमचाच हुकूम आहे."

"ठाऊक आहे."

कोपरा सुटला. त्याने नखाने पट्टी ओढली. अर्धी फाटली, अर्धी निघाली. नाव वाचता येत होतं. त्याने ते वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचलं. डिंकरावाने काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

आजच्या फाइलीवरच्या पट्टीला त्याने हात लावला नाही. पेन उघडलं. 'केंद्र आजच बंद करावं.' मग कारणाच्या रकान्याकडे आला आणि न थांबता दोन वाक्यं लिहिली. सही केली, बाहेर येऊन फाइल बाईंच्या हातात दिली.

"पळा," तो म्हणाला.

संचालकांनी रकाना वाचला. मान वर करून डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांनीही तो जिना चढताना वाचला होता. संचालकांनी आदेशावर सही केली तेव्हा पाचला दहा मिनिटं कमी होती.

रकान्यात लिहिलं होतं: 'गेल्या वर्षी मी थांबायला सांगितलं, त्या चार दिवसांत माझी बायको त्या केंद्रात दोनदा मशीनवर गेली. दोन्ही वेळा मीच तिला सोडून आलो.'