खुंटीला घातलेलं पाणी

भिलाईच्या कारखान्यासाठी खडक किती खोल आहे, ते आम्ही जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकून, त्यांतून वीज सोडून मोजत होतो. मे महिन्यातल्या कोरड्या मातीत वीज जाईना, म्हणून प्रत्येक खुंटीच्या बुडाशी पाणी ओतावं लागे. गावातल्या म्हाताऱ्या दुर्गाबाईंचं माहेर भंडाऱ्याकडचं. माझी मराठी ऐकून त्या घागर घेऊनच आल्या.

"पानी पाहून राहिला का, भाऊ?"

खरं सांगितलं असतं, तर घागर परत गेली असती. मी "हो" म्हणालो. आठ दिवस त्या आटत चाललेल्या विहिरीचं पाणी माझ्या खुंट्यांना घालत राहिल्या.

खडक उथळ निघाला, पक्का. भट्टी इथंच बसेल, असा रिपोर्ट मी दिला. दिवाळीनंतर गाव उठलं.

सामानाच्या बैलगाडीमागून दुर्गाबाई येताना दिसल्या, तसं मी नकाशात तोंड खुपसलं. त्या थांबल्याच.

"पानी नाही लागलं म्हनून गाव उठवून राहिले ना, भाऊ? जिवाले लावून घेऊ नको. तू का कमी मेहनत केली?"