मोकळा खिळा

१९८९ साली नातवाच्या हृदयाचे ऑपरेशन ठरले, तसे अंबरनाथच्या सुभद्राबाईंनी राहते घर विकायला काढले. गिऱ्हाइके येत, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहत आणि पाणीही न पिता निघून जात.

“आई, घर विकेपर्यंत तसबीर ट्रंकेत ठेवा,” दलाल म्हणाला.

“ज्यांच्यामुळे मी घराची मालकीण झाले, त्यांना ट्रंकेत कोंडू?”

“मग ऑपरेशन थांबणार आहे का, आई?”

बाईंनी स्वतःच्या हाताने तसबीर उतरवली.

दुसऱ्या दिवशी आलेल्या गृहस्थांना घर पसंत पडले. त्यांनी पाणीही मागून घेतले. मग भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडे पाहत दबक्या आवाजात विचारले,

 

“आई, इथे बाबासाहेबांची तसबीर लावली, तर शेजारपाजारच्यांना चालेल ना?”