होकाराची ओळ

"ती सोडेल नोकरी. तिचा काही प्रश्नच नाही," शर्टाची कॉलर इस्त्रीखाली दाबत नवरा म्हणाला. फोन स्पीकरवर ठेवलेला होता आणि पलीकडे त्याचा मोठा भाऊ होता.

त्याच खोलीत, जेवणाच्या टेबलाशी ती लॅपटॉप उघडून बसली होती. वाक्य तिच्याबद्दल होतं, तिच्याशी नव्हतं. तिने मान वर केली नाही.

मोठ्या दिरांकडे राहणाऱ्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या होत्या. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. थोरली जाऊही नोकरीवाली. तेव्हा आईंना इकडे हलवायचं आणि धाकट्या सुनेने घरी बसायचं, असं दोघा भावांनी परस्पर ठरवत आणलं होतं.

"आमची ही म्हणजे गरीब गाय," नवरा हसून म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुकच होतं.

मूल मांडीवर घेऊन ती सॉफ्टवेअर बसवायचं हे काम शिकली होती. सध्या तिच्याकडे चष्म्यांच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीचं काम होतं. गिऱ्हाइकांचे नंबर, मागण्या, सगळं ज्यात साठतं तो डेटाबेस आज सुट्टीच्या दिवशी प्रत्येक दुकानात नव्याने बसवायचा होता. दुकानोदुकानी माणूस बसवून 'पुढे, पुढे' दाबायची गरज नव्हती. परवा चाचणीच्या वेळी सेटअपने, म्हणजे बसवणाऱ्या प्रोग्रॅमने, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिने स्वतः दिली होती आणि फाईलमध्ये साठवली होती. आता फाईल धाडली की सगळीकडे हाताची घडी, तोंडावर बोट. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही.

घरी तरी वेगळं काय होतं? घर कुठे घ्यायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालायचं, बहिणीच्या लग्नाला तिने किती दिवस जायचं, सगळी उत्तरं नवराच देऊन टाकायचा. माणूस वाईट नव्हता. लग्नानंतर पहिल्यांदा त्याने तिला काही विचारलं होतं, तेव्हा ती लाजून "मला चालेल" म्हणाली होती. तेवढंच त्याने जपून ठेवलं होतं. आपल्याच दोन शब्दांनी बाहेरून कडी घातली आहे असं तिला वाटलं.

तिचा मोबाईल वाजला. ऑफिसातला सहकारी होता.

"मॅडम, सगळीकडे थांबलंय. एकही दुकान पुढे सरकेना."

तिने पडद्यावर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सॉफ्टवेअरच्या करारावरचा होकार राहिला. तो फाईलमध्ये येत नाही, वेगळा लिहून द्यावा लागतो. डोकं ठिकाणावर नाही माझं, विसरलेच."

"पण परवा तर तुम्ही 'मान्य' म्हणालात की. बाकीचं सगळं साठवलं, मग तेवढंच का नाही?"

"होकार साठवून ठेवत नाहीत. दर वेळी नव्याने घ्यायचा असतो," ती सवयीने बोलून गेली. मग तिचं तिलाच ते ऐकू आलं.

तिने होकाराची ओळ जोडली. दुकानं एकामागून एक पुढे सरकू लागली.

"अगं, दादा विचारतोय, एक तारखेपासून धरू ना?" नवऱ्याने शर्ट उलटवला. उत्तरासाठी तो थांबला नव्हता. "हो रे दादा, धर तू."

ती उठली आणि इस्त्रीच्या टेबलापाशी जाऊन फोनवर वाकली.

"भाऊजी, आईंना जरूर आणा. त्यांचं सगळं करीन. दिवसा बाई ठेवू, संध्याकाळी आम्ही दोघं आहोतच. पण नोकरी मी सोडणार नाही."

नवऱ्याच्या हातातली इस्त्री अधांतरी राहिली. पलीकडेही फोन स्पीकरवर असावा. खाटेची कुरकुर ऐकू आली, आणि सासूबाईंचा थकलेला आवाज आला.

"बरं झालं बोललीस, सूनबाई. आता मला इथून हलायचंय का, तेही विचारायला सांग ह्या दोघांना."